बाक आणि पीळ

शेडच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी ताणली होती. तिच्या शेजारी, दोन लाकडी ठोकळ्यांवर, 1930 सालच्या फोर्ड मॉडेल ए गाडीचा पुढचा ॲक्सल ठेवला होता. मिस्त्री उजव्या टोकापासून डावीकडे पोलादी पट्टी सरकवत गेले आणि दर चार बोटांवर दोरी नि ॲक्सल यांच्यातलं अंतर ॲक्सलवरच खडूनं लिहीत गेले. मध्यापर्यंत आकडा एकच राहिला. मग तो एक मिलिमीटरनं वाढला, मग तीननं, मग पाचनं. डाव्या टोकाला, चाक ज्या पिनेभोवती वळतं ती किंगपिन जिथे बसते त्या भोकापाशी, फरक 9 मिलिमीटरांवर गेला. या 9 मिलिमीटरांमुळे ती गाडी पस्तीसेक वर्षं पोर्चमध्ये उभी होती.

शेड भिलाईतली, जी. ई. रोडपासून थोडी आत. इथे एरवी ट्रकांचे ॲक्सल येतात. गाडीच्या मालकांनी नाव छापू नये असं सांगितलं आहे, म्हणून मी त्यांना नुसतं काका म्हणेन. तशी मी त्यांना लहानपणापासून काकाच म्हणते. ते भिलाई पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झाले. त्यांचे आजोबा दुर्गला वकिली करत आणि जवळच्या दोन गावांची मालगुजारी त्यांच्याकडे होती. भोसल्यांच्या राज्यापासून छत्तीसगडात येऊन राहिलेली अशी कितीतरी मराठी घरं दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या पट्ट्यात आहेत. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार. नागपूर रेल्वेनं 265 किलोमीटर, त्यामुळे लग्नं, शिक्षणं आणि मोटारीची खरेदी, सगळं तिकडेच.

मॉडेल ए त्या काळातल्या वकिलाला परवडणारी गाडी होती. फोर्डनं ती 1927 च्या अखेरीस बाजारात आणली आणि 1931 पर्यंत जवळजवळ 48 लाख गाड्या केल्या. चार सिलिंडर, सव्वातीन लिटरचं इंजिन, 40 अश्वशक्ती. कॅनडातल्या फोर्ड कंपनीनं 1926 मध्ये भारतात आपली कंपनी काढली होती. उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाड्या सुट्या भागांच्या रूपात लाकडी खोक्यांतून येत आणि इथे जोडल्या जात. काकांच्या घरची गाडी उघड्या टपाची. आजोबांनी ती आधी खटल्यांसाठी वापरली, मग शेतावर, आणि शेवटी नातवंडांना फिरवायला.

ॲक्सल वाकला तो 1980 च्या दशकातल्या एका पावसाळ्यात. शेतावरून परतताना पुढचं डावं चाक नाल्याच्या काठात रुतलं. ट्रॅक्टर आणला, साखळी ॲक्सलला गुंडाळली आणि ओढलं. चाक काठाला अडलेलं आणि साखळी त्याच्या आतल्या बाजूनं ओढतेय, अशा स्थितीत ॲक्सलचं टोक मागे राहिलं. गाडी निघाली. सगळे आनंदानं घरी आले. दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे खेचू लागली.

त्या साखळीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आजही जुन्या गाड्यांचे बहुतेक ॲक्सल असेच वाकतात. गाडी ट्रकवर चढवताना, ट्रेलरवर बांधताना, खड्ड्यातून काढताना माणूस खाली वाकून पाहतो आणि त्याला सगळ्यात दणकट दिसते ती पुढची पोलादी तुळई. साखळी तिथेच अडकते. या तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो: वर एक पट्टी, खाली एक पट्टी आणि मध्ये उभी पातळ भिंत. गाडीचं वजन आणि खड्ड्यांचे दणके वरून खाली येतात. त्या दिशेनं हा आकार कमी वजनात फार मोठी ताकद देतो. आडव्या ओढीला मात्र तो बराच कमकुवत असतो आणि पिळायला गेलं तर त्याहून कमकुवत. साखळी नेमकी आडवी ओढते, आणि ती खालच्या पट्टीला अडकली असेल तर ओढता ओढता पीळही घालते. काकांच्या ॲक्सलला दोन्ही झालं होतं. गाडीला खाली दोर बांधायचाच असेल, तर तो चासीच्या पुढच्या टोकांना, दोन्ही बाजूंना सारखा बांधावा.

ॲक्सल वाकलाय हे ओळखायला इतकी वर्षं का लागली? कारण गाडी एका बाजूला खेचते याची डझनभर कारणं असतात आणि ॲक्सलचा संशय सगळ्यात शेवटी येतो. टायरमधली हवा कमीजास्त असेल तरी गाडी खेचते. एका चाकाचा ब्रेक घासत असेल तरी खेचते. किंगपिनचे बुश झिजले, चाकाचं बेअरिंग सैल झालं, पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला, तरी खेचते. काकांच्या वडिलांनी हे सगळं एकामागून एक बदललं. गॅरेजंही बदलली. दर वेळी गाडी थोडे दिवस बरी वाटायची, मग पुन्हा डावीकडे. टायर आतल्या कडेनं झिजत राहिले. तीसच्या वर वेग गेला की स्टीअरिंग हातात थरथरायचं. शेवटी वडिलांनी ती पोर्चमध्ये लावली आणि वर ताडपत्री टाकली.

पुढच्या ॲक्सलकडे गाडी तोलून धरण्यापलीकडेही एक काम असतं: चाकांच्या वळण्याचा आस ठरवणं. त्याच्या दोन्ही टोकांना भोकं असतात. त्यांत किंगपिन बसते आणि त्या पिनेभोवती स्टब ॲक्सलसकट चाक वळतं. ही भोकं सरळ उभी नसतात. समोरून पाहिलं तर पिनेचं वरचं टोक थोडं आत झुकलेलं असतं. बाजूनं पाहिलं तर ते थोडं मागे रेललेलं असतं. या मागे रेलण्याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. त्याचा दांडा मागे कललेला असतो म्हणूनच वेगात हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मॉडेल ए मध्ये हा कोन पाच अंशांच्या आसपास असतो. तो दोन्ही चाकांना सारखा असला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं. एका बाजूला कमी झाला की गाडी त्या बाजूला खेचते.

पीळ मोजायला मिस्त्रींनी लेथवर दोन दांडे तयार करून घेतले, किंगपिनच्या भोकांत घट्ट बसतील असे, आणि प्रत्येकी 300 मिलिमीटर वर उरतील इतके लांब. दोन्ही बसवून ते एका बाजूला गेले, एक डोळा मिटला आणि एका दांड्यामागून दुसरा पाहिला. मलाही पाहायला लावलं. ॲक्सल सरळ असेल तर पुढचा दांडा मागच्याला पूर्ण झाकतो. इथे डावा दांडा वरच्या टोकाला 8 मिलिमीटर पुढे डोकावत होता. तीनशे मिलिमीटरांवर एक अंशाचा फरक सव्वापाच मिलिमीटर भरतो, म्हणजे हा पीळ दीड अंशाचा. डाव्या चाकाचा कॅस्टर पाचवरून साडेतीनवर आला होता. आधीच्या प्रत्येक गॅरेजमध्ये टायर, ब्रेक, बुश असं बरंच काही बदललं गेलं, पण ही दोन साधी मापं घेण्यासाठी ॲक्सल कुणीही गाडीखालून काढला नव्हता. काढणं सोपं नाही, हेही खरं. मॉडेल ए चा पुढचा पाटा आडवा असतो, या चाकापासून त्या चाकापर्यंत, आणि कायम ताणलेला. तो फाकवून धरणारं साधन न लावता त्याला ॲक्सलशी जोडणारी शॅकल काढली तर माणसाचा हात जाऊ शकतो. मिस्त्रींनी ते काम सुरू करताना शेडमधल्या पोरांना बाहेर पाठवलं.

आता भिलाईबद्दल. हे काम दुसऱ्या एखाद्या गावात इतक्या नीटपणे झालं असतं का, हा प्रश्न मला पडला आणि उत्तर शोधताना मी कारखान्याच्या भिंतीपर्यंत पोचले. 2 फेब्रुवारी 1955 रोजी तो उभारण्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पुढच्या वर्षी इथे रूळ तयार होऊ लागले. भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा वाटा तेव्हापासून या गावातून जातो. पूर्वी 13 मीटरचा रूळ नेहमीचा होता. आता इथल्या नव्या मिलमध्ये 130 मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि दोन जोडून 260 मीटरचा पाठवला जातो.

काकांनी मला सांगितलेली गोष्ट अशी, की रूळ मिलमधून सरळ बाहेर पडतो आणि थंड होताना वाकतो. त्याचं डोकं जाड, पाय पसरट आणि पातळ. पाय आधी थंड होतो, डोकं मागाहून. दोन्ही वेगवेगळ्या वेळी आकसतात आणि रूळ धनुष्यासारखा होतो. हा बाक किती पडणार याचा अंदाज घेऊन रूळ आधीच उलटा वाकवून थंड व्हायला ठेवतात. तरी जे उरतं ते पूर्ण थंड झाल्यावर रोलरांच्या रांगेतून काढतात: वर, खाली, वर, खाली, प्रत्येक रोलर थोडा कमी वाकवणारा, आणि शेवटच्यातून सरळ रूळ बाहेर. टोकांचा उरलेला बाक प्रेसवर काढतात. सरळ करण्याचं हे काम थंड पोलादावर. काकांची नोकरीतली बरीच वर्षं या कामात गेली. पोलाद थंड असतानाच सरळ करायचं, हे त्यांच्या लेखी वादाचा विषयच नव्हतं.

मिस्त्रींचं शिक्षण वेगळ्या वाटेनं झालं, पण पोचलं तिथेच. मुंबई–कोलकाता महामार्ग भिलाईच्या मधून जातो. कोळसा, सिमेंट, लोखंडाच्या सळ्या वाहणारे ट्रक दिवसरात्र चाललेले असतात. मोटारगाड्यांतून घडीव तुळईचा पुढचा ॲक्सल केव्हाच गेला. 1950 च्या दशकातच बहुतेक नव्या मोटारींत पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, आणि आपली ॲम्बेसेडरही त्यातलीच. ट्रकखाली मात्र तो अजून तसाच आहे. पुण्याला मुंढव्यात भारत फोर्जमध्ये प्रचंड प्रेसखाली लालभडक पोलादाचा ठोकळा दाबून असे ॲक्सल घडवतात. निळकंठराव कल्याणींनी 1961 मध्ये सुरू केलेली ही कंपनी आज जगभरच्या ट्रकांना ते पुरवते. म्हणून 1930 च्या मोटारीचं दुखणं कळणारा माणूस आज मोटारींच्या गॅरेजात सापडत नाही. तो ट्रकांच्या गॅरेजात सापडतो. काकांना हे सुचायला निवृत्तीनंतरची सहा वर्षं लागली, असं ते स्वतःच सांगतात.

सुरुवातीला त्यांनी एका वेगळ्या ठिकाणी चौकशी केली होती. तिथे सल्ला मिळाला, की गॅस मारून लाल करू, दोन घण घालू, पाणी ओतू, तासाभरात सरळ. काका तिथून परतले. ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, आणि ती का घातक आहे हे नीट समजून घेतलं पाहिजे.

घडीव ॲक्सल तयार झाल्यावर त्याला उष्णतेचे संस्कार देतात. आधी तापवून एकदम थंड करतात, त्यानं पोलाद कडक होतं पण ठिसूळही होतं. मग पुन्हा 550 ते 650 अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापवून तो ठिसूळपणा घालवतात. उरतो तो चिवटपणा. आता या ॲक्सलचा एक वीतभर भाग गॅसच्या ज्योतीनं लाल केला, की त्या भागाचे सगळे संस्कार पुसले गेले. तसाच हवेत निवू दिला तर तो मऊ पडतो. पाणी ओतलं तर काचेसारखा ठिसूळ होतो. आणि मऊ-ठिसूळ भागांच्या सीमेवर, जिथे एकाचा दुसरा होतो, तिथे आयुष्यभराचा ताण साठून राहतो.

यातली सगळ्यात धोक्याची बाब डोळ्यांना दिसत नाही. पोलाद मऊ असो की कडक, त्याची लवण्याची वृत्ती एकच असते. सारख्या भाराखाली दोन्ही सारखेच लवतात आणि भार काढला की सारखेच परत येतात. फरक पडतो तो किती भारानंतर परत येणं थांबतं यात. म्हणून गॅसनं सरळ केलेला ॲक्सल गाडीला लावला की सगळं उत्तम वाटतं. गाडी सरळ धावते, मालक पैसे देऊन जातो. मग कधीतरी भरल्या गाडीत, वेगात, एक खोल खड्डा येतो आणि चांगल्या ॲक्सलनं जो दणका सहज पचवला असता त्याच दणक्यानं हा वाकतो. ठिसूळ झालेला असेल तर मोडतो.

लाल न करता जरासं शेकून घेऊ, असंही काही जण सुचवतात. तेही तितकंच वाईट. साधारण 300 अंशांच्या आसपास पोलादावर निळी झाक येते, आणि त्या तापमानात वाकवलेलं बरंचसं पोलाद उलट जास्त ठिसूळ होतं. लोहारकामात मुरलेली माणसं निळ्या रंगावर घण घालत नाहीत ती यासाठीच. ज्या पुढच्या ॲक्सलवर माझी मुलं बसणार आहेत त्यावर गॅसची ज्योत लागलेली मला चालणार नाही, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

ॲक्सल मोडण्याची भीती माणसाला मोटारीच्याही आधीपासून आहे. 8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा ॲक्सल मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. दणकट दिसणारा धातू रोजच्या साध्या भाराखाली अचानक का मोडतो, हा प्रश्न त्या अपघातानं युरोपभर ऐरणीवर आणला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या ॲक्सलवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की छोटा भार पुन्हा पुन्हा पडला की एखाद्या कोपऱ्यात केसाएवढी चीर सुरू होते आणि दर फेरीगणिक ती पुढे सरकते. वाकलेल्या ॲक्सलला सरळ करण्याआधी त्यात अशी चीर आहे का हे पाहणं म्हणूनच पहिलं काम. चीर असेल तर सरळ करायचा प्रश्नच उरत नाही, तो ॲक्सल भंगारात जातो.

मिस्त्रींनी ॲक्सल रॉकेलनं धुतला आणि तारेच्या ब्रशनं घासला. वाळूचा फवारा मारायला त्यांनी साफ नकार दिला, कारण त्या माऱ्यानं चिरेचं तोंड बुजून ती लपते. मग फॅब्रिकेशनवाले जिला डीपी टेस्ट म्हणतात ती केली. लाल रंगाचा पातळ द्रव सगळीकडे लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पूर्ण पुसायचा आणि वर पांढरा थर फवारायचा. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. पूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपांत हेच काम तेल आणि चुन्यानं करत. किंगपिनच्या भोकांभोवती आणि पाट्याच्या बोल्टांच्या भोकांभोवती आम्ही तिघंही श्वास रोखून पाहत होतो. पांढरा थर पांढराच राहिला. काकांनी खिशातून भिंग काढून पुन्हा एकदा सगळं पाहिलं. बाक नेमका कुठे आहे तेही त्यांना बघायचं होतं. तो किंगपिनच्या भोकापाशीच असता, किंवा एका जागी मोडल्यासारखा तीक्ष्ण असता, तर त्यांनी तिथेच थांबायचं ठरवलं होतं. तो तुळईच्या अंगात, वीत-दीड वीत लांबीवर पसरलेला होता. मग त्यांनी होकार दिला.

प्रेस ट्रकांसाठीचा, हातपंपानं चालणारा. ट्रकचा ॲक्सल वाकवायला लागणाऱ्या ताकदीचा थोडा भागच इथे लागणार होता. ॲक्सल आडवा करून, त्याची उभी भिंत जमिनीला समांतर येईल असा, सत्तर सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवला. टेकू आणि ॲक्सल यांच्यामध्ये तांब्याच्या पट्ट्या घातल्या, पोलादावर ओरखडा उठू नये म्हणून, कारण पुढे चीर तिथूनच सुरू होते. खाली डायल गेज लावलं.

पहिल्यांदा 4 मिलिमीटर दाबलं आणि सोडलं. काटा शून्यावर परत. पोलादानं काहीच मानलं नव्हतं. दुसऱ्यांदा 6. सोडल्यावर अर्धा मिलिमीटर राहिला. इथे मिस्त्री थांबले, ॲक्सल काढला, दोरीजवळ नेला आणि पुन्हा सगळे आकडे घेतले. टोकाचा फरक 9 वरून आठच्या थोडा वर आला होता. परत प्रेसवर. 7, सोडा, मोजा. 8, सोडा, मोजा. प्रत्येक वेळी ॲक्सल खाली उतरवून दोरीजवळ. मला वाटलं होतं एका दाबात होईल. दुपारचा चहा झाला, संध्याकाळचा झाला. वाकलेलं पोलाद उलट दिशेला वाकवताना ते अपेक्षेपेक्षा लवकर मान टाकतं. योहान बाउशिंगर या जर्मन अभियंत्यानं 1880 च्या दशकात ही गोष्ट मोजून दाखवली आणि ती त्याच्या नावानं ओळखली जाते. मिस्त्रींनी ते नाव ऐकलेलं नाही. पण शेवटच्या दोन मिलिमीटरांत त्यांचा हात पंपावर इतका हळू चालू लागला, की दांडा हलतोय हेही पटकन कळेना. जास्त दाबलं गेलं तर पुन्हा मागे वाकवावं लागणार, आणि पुढे-मागे वाकवणं म्हणजे तार तोडण्याची रीत. ती वेळ त्यांनी येऊ दिली नाही. अंधार पडताना फरक अर्ध्या मिलिमीटरवर होता. ॲक्सल रात्रभर तसाच ठेवला. सकाळी पुन्हा मोजला तेव्हाही अर्धा मिलिमीटरच होता.

पीळ काढणं दुसऱ्या दिवशीचं काम. मधला भाग शिकंज्यात आवळला, डाव्या टोकाजवळ ‘आय’च्या छेदावर नेमकी बसणारी खाच कापलेला जाड जबडा बसवला आणि त्याला दोन मीटरचा दांडा जोडला. दांड्याच्या टोकाला जॅक. इथेही तोच क्रम: थोडं पिळा, सोडा, 300 मिलिमीटरच्या दांड्यांमागून पाहा. दुपारी दोनच्या सुमारास मिस्त्रींनी मला हाक मारली आणि बाजूला उभं केलं. मी एक डोळा मिटला. पुढचा दांडा मागच्याला पूर्ण झाकत होता.

हे सगळं करण्यापेक्षा दुसरा ॲक्सल का नाही आणला? मॉडेल ए चे सुटे भाग अमेरिकेत आजही मिळतात. काकांनी तोही विचार केला होता. त्यांना आपल्या आजोबांच्या गाडीचा ॲक्सल हवा होता. त्याशिवाय कायद्याचंही एक कारण होतं. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी वेगळी व्यवस्था आली: नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला 5,000. रोजच्या वापराला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांसाठी येते. नोंदणीची अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नसावेत. नियमात ॲक्सलचा वेगळा उल्लेख नाही, पण मूळ रूप टिकवायचं या अटीचा आत्मा काकांनी पाळायचं ठरवलं. मला हे योग्य वाटतं. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक तासन् तास उभे राहतात ते तीच गाडी तिच्या मूळ अंगानं येताना पाहायला.

ॲक्सल परत बसवण्याआधी आणखी एक गोष्ट सापडली. चाकांजवळून मागे जाणारा व्ही आकाराचा विशबोन, जो ॲक्सलला मागे-पुढे सरकू देत नाही, त्याचा डावा दांडाही किंचित वाकलेला होता. तो तसाच राहिला असता तर सरळ केलेला ॲक्सल पुन्हा तिरका बसला असता आणि दोन दिवसांची मेहनत वाया गेली असती. तो सरळ केला. किंगपिनसाठी गनमेटलचे नवे बुश बसवून रीमर मारला. शेवटी टो-इन. चाकं समोरून पाहिली तर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा किंचित जवळ हवीत, मॉडेल ए ला एक इंचाचा सोळावा भाग, म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडं वर. टायरच्या मधोमध खडूची रेघ मारली, पुढून मोजलं, गाडी अर्धा फेरा ढकलली, तीच रेघ मागे आल्यावर पुन्हा मोजलं. टाय रॉड अर्धा आटा फिरवून माप बसलं.

भिलाईत 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा कारखान्यात, शेडमध्ये, रस्त्याकडेच्या पंक्चरच्या टपरीतही होते. मिस्त्रींनी त्या दिवशी प्रेसला हार घातला होता. आमच्या घरांत हत्यारांची पूजा खंडेनवमीला. काकांनी त्या दिवशी सकाळी गाडीला झेंडूचं तोरण बांधलं, डाव्या चाकाजवळ नारळ फोडला आणि गाडी कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरांच्या रुंद, सरळ रस्त्यावर काढली. मी शेजारी बसले होते. चाळीसच्या वेगाला त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगपासून दोन बोटं वर उचलले. गाडी सरळ चालत राहिली. वळणावर स्टीअरिंग सोडल्यावर ते आपोआप मध्यावर आलं. परत आल्यावर मिस्त्रींनी टायरवर हात फिरवून पाहिला आणि आणखी पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा आणायला सांगितली: किंगपिनच्या भोकांभोवती डीपी टेस्ट पुन्हा करायची आहे.

मिस्त्री साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या शेडमध्ये दोन पोरं शिकत आहेत, पण दोघांनाही आता वाकलेला ॲक्सल बदलणंच जास्त सोपं वाटतं, कारण ट्रकवाल्यांना वेळ नसतो. काकांनी या दुरुस्तीची प्रत्येक नोंद एका वहीत लिहून ठेवली आहे, दर दाबाचा आकडा, दर वेळी किती परत आलं तो आकडा, तारखेसह. रेल मिलमधल्या, वर्कशॉपांतल्या, एसटीच्या डेपोंतल्या निवृत्त माणसांनी आपापल्या वह्या अशाच लिहाव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणि वाचकांपैकी कुणाच्या वाड्यात, गोठ्यात, ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी एका बाजूला खेचते म्हणून उभी असेल, तर तिचा पुढचा ॲक्सल भंगारात देऊ नका आणि गॅसच्या ज्योतीखालीही जाऊ देऊ नका. आधी दोरी ताणून मोजा, चीर आहे का ते तपासा, आणि जवळच्या महामार्गावर ट्रकांचे ॲक्सल थंड दाबणारा मिस्त्री शोधा.